सोवळ्यातले बेअरिंग

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, याविषयी मला फुकटचा सल्ला पुष्कळ मिळाला. कोणी ज्ञानेश्वरी घ्यायला सांगितली, कोणी पहाटे फिरायला. एका सहकारी संस्थेच्या चिटणिसांनी मात्र "साहेब, आता तुम्ही काहीच करू नका," असे अगदी हात जोडून सांगितले. त्यांच्या भावना मी समजू शकतो. पस्तीस वर्षे मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासत होतो. त्या काळात मी काही केले की कोणाची ना कोणाची झोप उडत असे.

त्यांच्या सल्ल्याच्या सर्वांत जवळ जाणारा उद्योग म्हणून मी तळ्यावर गळ टाकून बसायचे ठरवले. नुसत्या बसलेल्या माणसाला लोक "काय हो, रिकामेच का?" असे विचारतात. त्याच माणसाच्या हातात काठी आणि काठीला दोरी असली की तेच लोक चवड्यांवर चालत येतात आणि "लागला का?" असे कुजबुजत विचारतात. एका दोरीने माणसाची पत इतकी वाढते हे आधी ठाऊक असते, तर मी ती कचेरीतही नेली असती.

शिवाय तिरोड्यात राहून गळ टाकायचा नाही, म्हणजे आळंदीत राहून टाळाला हात लावायचा नाही. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचे जंगल, आणि मध्ये धान, तळी आणि पुन्हा धान. बोदलकसा आणि चोरखमारा हे आमच्या तालुक्यातले मोठे जलाशय. मी ज्याच्या काठी बसतो तो मात्र साधा मामा तलाव. बाहेरगावच्या माणसाला वाटते, हा कोणाच्या तरी मामाचा असणार. सरकारी दप्तरात 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मालगुजारांना आपला मामा झाल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही. तलावातली मासेमारी ढिवरांच्या संस्थेकडे आहे. त्या संस्थेचे दप्तर एकेकाळी मीच तपासले होते. तरीही त्यांनी मला काठावर बसू दिले, यावरून ढिवर किती क्षमाशील असतात ते कळेल.

माझ्याकडचे रीळ वडिलांचे. वडील रेल्वेत होते. आमची लाइन थेट हावड्याला जाते, त्यामुळे त्या काळी स्टेशनात बंगाली बाबू असायचेच. त्यांतल्या एकाची बदली खरगपूरला झाली तेव्हा जाताना त्याने आपले रीळ वडिलांच्या हातात ठेवले. बंगाली माणूस एक वेळ नोकरी सोडील, पण रीळ सोडणार नाही. त्याने ते दिले, म्हणजे दोघांचा स्नेह केवढा असेल! (हा 'स्नेह' शब्द वाचकांनी जरा बाजूला काढून ठेवावा. पुढे लागणार आहे.) वडिलांच्या मागे वाटणीत ते माझ्याकडे आले. वाटणीची हकिगतही पुढे येईल. ती मी मुद्दामच पुढे ढकलतो आहे.

रीळ म्हणजे बशीएवढे पितळी चाक. मधोमध दांडा, आणि दांड्यावर चाक फिरावे म्हणून दोन बेअरिंगे, प्रत्येक बावीस मिलिमीटरचे. मी माळ्यावरून रीळ काढले आणि फिरवले, तर आतून जात्यासारखा आवाज आला. सौ. आतून म्हणाली, "अहो, दळण आणलंय का?" तेव्हा मी ठरवले की हे बेअरिंग स्वच्छ करायचे. साधेसुधे नाही, तर माझ्या लौकिकाला शोभेल इतके स्वच्छ.

बेअरिंग ही फार जुनी चीज आहे. इटलीत नेमी नावाचे एक तळे आहे. १९२८ पासून पुढे चार वर्षे ते उपसले, तेव्हा कॅलिग्युला बादशहाची दोन प्रचंड जहाजे सापडली आणि त्यांत गोळ्यांवर फिरणारा एक चौरंग निघाला. म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातही कोणाला तरी करकर सहन झाली नव्हती. पुढे वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले ते १७९४ साली. त्याच वर्षी आपल्याकडे महादजी शिंदे वारले. रचना मात्र तीच. एक आतले कडे, एक बाहेरचे कडे आणि मध्ये छर्रे. माझ्या बेअरिंगात सात छर्रे होते. सात जण एका अरुंद खोलीत जन्मभर गोल फिरतात आणि एकमेकांना घासत नाहीत. ते कसे, तर प्रत्येकाला पिंजऱ्यात आपापली जागा नेमून दिलेली असते आणि पोलादा-पोलादात तेलाचा एक पापुद्रा असतो. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, पुष्कळदा त्याहूनही पातळ. आमच्या लहानपणीच्या एकत्र कुटुंबाची रचना नेमकी अशीच होती, फक्त तो पापुद्रा कोण घालीत होते हे आई गेल्यावर कळले.

रॉकेलमध्ये बेअरिंग बुडवून ब्रशाने घासणे, हा सायकलवाल्याचा मार्ग. आमच्या गावातल्या एका सायकल दुकानावर पूर्वी 'येथे सायकल ओव्हरऑइल करून मिळेल' अशी पाटी होती. मूळ शब्द 'ओव्हरहॉल' आहे, हे मी त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला कॉलेजातून नुकताच आलो असताना समजावून सांगितले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले, चाकाच्या तुंब्यात ग्रीस भरले आणि पाटी तशीच ठेवली. तेव्हा मला त्याच्या अज्ञानाची कीव आली होती. कीव कोणाची करायला हवी होती, हे कळायला मला पुढे पन्नास वर्षे लागली.

असो. रॉकेल मला पुरेसे वाटेना. तेवढ्यात चष्मा दुरुस्तीच्या निमित्ताने बाजारात गेलो असताना एका सराफाच्या दुकानात ते यंत्र दिसले. डब्याएवढी स्टीलची कुंडी, तीत पाणी. दुकानातल्या पोराने काळेठिक्कर पडलेले पैंजण तीत सोडले आणि बटण दाबले. डास गुणगुणावा तसा आवाज झाला आणि पैंजणातून मळ धुरासारखा निघू लागला! ना ब्रश, ना हात. मी थक्क झालो. लेखापरीक्षक म्हणून मी जन्मभर ज्याचे स्वप्न पाहिले ते हेच होते. कोणालाही हात न लावता नुसत्या गुणगुणण्याने मळ बाहेर!

त्या यंत्राला अल्ट्रासॉनिक क्लीनर म्हणतात. मी एक लहानसे मागवले आणि त्याबरोबर आलेला कागदही वाचला, कारण कागद वाचल्याशिवाय मी चहासुद्धा पीत नाही. कुंडीच्या तळाला बसवलेली चकती सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरते. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे आपण जी गुणगुण ऐकतो ती मूळ आवाजाची नव्हेच, त्याची नुसती कुरकुर. कुत्र्यांचा कान मात्र चाळीस हजारांपर्यंत पोचतो. त्यामुळे मी यंत्र सुरू केले की शेजारचा मोती उठून गल्लीच्या टोकाला जाऊन बसे. थरथरीने पाण्यात कोट्यवधी सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. फुटतात म्हणण्यापेक्षा आत कोसळतात. त्या कोसळण्याचा धक्का इतका जबर असतो की खाचाखोचांतला मळ सुटून येतो. मिठाईवरचा चांदीच्या रंगाचा कागद मी पाण्यात धरून पाहिला, तर मिनिटाभरात त्याची चाळणी झाली. बुडबुडा कोसळताना केवढा दाब पडतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी मांडले ते १९१७ साली. आमच्या बोदलकशाच्या धरणाचे सालही तेच. तिकडे एक मनुष्य बुडबुड्याचा हिशेब करत होता आणि इकडे माणसे टोपल्यांनी माती टाकून तळे बांधत होती. दोन्ही कामे पक्की झाली.

यंत्र आल्यावर घरात स्वच्छतेचे राज्य आले. माझा चष्मा धुतला, किल्ल्या धुतल्या, कवळी धुतली. सौ.ने आपली नथ आणली. कागदात मात्र लिहिले होते, मोती, पोवळे, पाचू यांत घालू नये. "काहून?" तिने विचारले. ती कधीमधी माहेरच्या बोलीवर जाते, ते धोक्याचे लक्षण असते. मी म्हटले, "मोत्याचं पाणी जातं." ती नथ परत नेताना म्हणाली, "म्हणजे ज्याच्यात मुळात पाणी आहे, त्याला तुमची स्वच्छता मानवत नाही." हे वाक्य मी त्या वेळी विनोद म्हणून सोडून दिले.

मग बेअरिंग. त्याच्या तोंडावरची पत्र्याची टोपी एका तारेच्या कड्याने अडकवलेली असते. ते कडे मी चिमट्याने उचलले आणि ते उडाले. पुढचे दोन तास मी, सौ. आणि शेजारची दोन मुले जमिनीला कान लावून होतो. ते सापडले संध्याकाळी, तांदूळ निवडताना सुपात. तिरोड्यात हरवलेली कुठलीही वस्तू शेवटी तांदळातच सापडते. पुढचा प्रश्न धुवायचे कशात. पाण्याने ग्रीस नीट निघणार नाही म्हणून मी कुंडीत पेट्रोल ओतायला निघालो होतो. सुदैवाने सराफाचा तो पोरगा यंत्र कसे चालते ते पाहायला आला होता. तो ओरडलाच, "काकाजी, घर पेटवता का जी!" यंत्र तापते, वाफ होते आणि एक ठिणगी पुरते, हे त्याने मला समजावले. कुंडीत साबणाचे पाणीच घालायचे. मागाहून बेअरिंग बाहेर काढून लहान बाटलीत, यंत्रापासून दूर, स्पिरिटने खंगाळायचे, म्हणजे पाणी निघून जाते. स्वच्छतेच्या भरात माणूस घर जाळायला निघतो, हा धडा मला तिथेच मिळाला होता. पण मी तो सुरक्षेच्या सदरात टाकला, नीतीच्या सदरात नाही.

तीन वेळा पाणी बदलले. पहिले पाणी काळे, दुसरे गढूळ, तिसरे गंगाजळ. मी बेअरिंग वाळवले, पेन्सिलीच्या टोकावर चढवले आणि बोटाने टिचकी दिली. काय सांगू! ते फिरतच राहिले. गाऊ लागले. तंबोऱ्याच्या तारेसारखा बारीक नाद. मी चहा केला, बशीत ओतला, तरी ते फिरतच होते. येईल-जाईल त्याला मी ते फिरवून दाखवत होतो. फक्त हात लावू देत नव्हतो. बोटांच्या घामात मीठ असते आणि कोरड्या पोलादावर त्या घामाचा डाग पडला की गंज चढतो. त्यामुळे जे काही करायचे ते चिमट्याने.

तेव्हा मला आमची आत्या आठवली. आत्या सोवळ्यात असे. सकाळी न्हाऊन ओलेती स्वयंपाकघरात शिरली की दुपारपर्यंत तिला कोणी शिवायचे नाही. आम्हा मुलांना ती प्रसादही वरून टाकायची. मनाने प्रेमळ बाई. पण तिच्या कुशीत बसल्याचे मला एकदाही आठवत नाही. माझे बेअरिंग आता आत्याच्या पदाला पोचले होते. निर्मळ, झळझळीत, गाणारे आणि कोणालाही न चालणारे.

दुसऱ्या दिवशी रीळ जोडून मी तलावावर गेलो. ऐटीत काठी फिरवली आणि गळ फेकला. चाक सुटले ते इतक्या मोकळेपणाने की दोरी जितकी बाहेर गेली त्याच्या तिप्पट चाकाने सोडून दिली. गळ पाण्यात पडून थांबला, तरी चाक थांबेना. क्षणात रिळावर सुगरणीचे घरटे तयार झाले. तो गुंता सोडवण्यात माझा सूर्य डोक्यावर आला. मग श्रावणझड लागली. चार दिवस रीळ पडवीत टांगलेले राहिले. पाचव्या दिवशी फिरवले, तर पुन्हा जाते! आणि बोटाला तांबूस पूड.

तलावावर जाळे आवरत असलेल्या ढिवरदादाला मी ते दाखवले. त्याने रीळ कानाशी नेले. "साहेब, तेल नाही टाकलं का जी?"

"तेल कशाला? अहो, मी ते इतकं स्वच्छ केलं होतं की त्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं."

"तेच तर," तो म्हणाला. "काहीच नाही ठेवलं, म्हणून गंज आला ना जी." मग जाळ्यातली काडी काढत पुढे बोलला, "तरा साफ करतो ना आमी, त बेशरम उपटून फेकतो. पन तेवढ्यानं मासोळी येत नाही. मंग पान्यातली वनस्पती लावा लागते. नुसता साफ तरा काय कामाचा?"

हे तो खरेच बोलत होता. आमच्या जिल्ह्यातल्या काही तलावांवर ढिवरांनी हे काम केले आहे. आधी बेशरमीची झुडपे उपटली, मग माशांना अंडी घालायला आणि चारा मिळायला लागणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. बेशरम उपटणे हे काम मीही पस्तीस वर्षे केले होते. लावण्याचे खाते मात्र माझ्याकडे कधीच नव्हते.

आता वाटणीची हकिगत सांगितलीच पाहिजे.

वडील गेले तेव्हा मी चंद्रपूरकडे नोकरीत होतो. धाकटा भाऊ गोंदियाला. तेरवी झाल्यावर मी एक हिशेब तयार केला. औषधे, दवाखाना, तेरवीचा खर्च, शेताचा सारा, विहिरीची मोटार, सगळे. प्रत्येक रकमेला पावती, प्रत्येक पावतीला क्रमांक. निम्मे निम्मे केल्यावर भावाकडून मला तीन हजार चारशे बारा रुपये पन्नास पैसे येणे निघाले. मी त्याला हिशेबाची प्रत पाठवली. उलट टपाली त्याने तीन हजार चारशे तेरा रुपये पाठवले. मी पन्नास पैशांची तिकिटे पाकिटात घालून परत केली.

हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात कालवते, पण त्या वेळी मला त्या पाकिटाचा अभिमान वाटला होता. लोक भाऊबंदकीत एकमेकांच्या जमिनी खातात. मी पन्नास पैसेसुद्धा खाल्ले नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे भाऊ माझ्या घरी लग्नकार्यापुरता येत राहिला. भांडण नाही, तंटा नाही. "बरं आहे ना दादा?" "बरं आहे." पेन्सिलीवर फिरणाऱ्या बेअरिंगसारखे आमचे नाते. कुठे अडत नव्हते आणि काही ओढतही नव्हते.

ढिवरदादाने रीळ परत दिले त्या रात्री मी तो जुना हिशेब काढला. चूक शोधायला बसलो. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, पावत्या जागच्या जागी. पस्तीस वर्षांचा अनुभव पणाला लावला तरी एक चूक निघेना. आणि मग ध्यानात आले. वडिलांच्या शेवटच्या आजारात तीन महिने भाऊ रोज संध्याकाळच्या गाडीने गोंदियाहून यायचा, रात्रभर त्यांच्या उशाशी बसायचा आणि सकाळच्या गाडीने परत कामावर जायचा. नव्वद रात्री. त्यांची पावती नव्हती. त्याने ती कधी मागितली नव्हती आणि माझ्या तक्त्यात त्या नोंदायला रकाना नव्हता. माझा हिशेब खोटा नव्हता. तो स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की त्यात काही म्हणजे काही उरले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काय हो, हिशेब ठेवूच नये? थोडा मळ असलेला बरा? हेच तर मला पस्तीस वर्षे लोक सांगत आले! "साहेब, थोडं वंगण लागतंच." "साहेब, एवढं कोरडं राहून कसं चालेल?" तेल लावणे, हात ओले करणे, मस्का मारणे. आपल्या भाषेत लबाडीचे निम्मे शब्द तेला-तुपातच तळलेले आहेत. त्या लोकांना आता जाऊन "तुमचंच बरोबर होतं," असे सांगायचे का?

मुळीच नाही. इथे पुन्हा बेअरिंगच माझ्या मदतीला आले. मी ते दुसऱ्यांदा धुवायला काढण्यापूर्वी आळस करून वरूनच तेल सोडून पाहिले होते. आवाज क्षणभर थांबला आणि मग गंजाची पूड त्या तेलात कालवून असा राप तयार झाला की तो पोलाद घासायच्या पेस्टीचेच काम करू लागला. मळावर घातलेले तेल हे तेल नव्हेच. तो मळाचाच नवा अवतार. कचेरीतले 'वंगण' असते ते हे. आत खडे आहेत ते ठाऊक असून त्यांवर ओतलेले, आवाज होऊ नये म्हणून. यंत्र झिजते, फक्त गुपचूप झिजते.

तेव्हा प्रश्न स्वच्छ की तेलकट असा नाहीच. प्रश्न क्रमाचा आहे. आधी धुवायचे, निर्दयपणे धुवायचे, तिसरे पाणी गंगाजळ होईपर्यंत. आणि मग, धुऊन झाल्यावर, एक थेंब. दोन नाहीत. दोन घातले की बेअरिंग जड होते आणि धूळ धरते. धुणे हे न्यायाचे काम आणि थेंब हे दुसऱ्या कशाचे तरी. त्याला संस्कृतात शब्द आहे, मघाशी बाजूला ठेवायला सांगितला होता तो: स्नेह. स्नेह म्हणजे तेलही आणि प्रेमही. आपल्या नैयायिकांनी तर चोवीस गुणांत स्नेहाला वेगळी जागा दिली आहे. सुट्या पिठाचा गोळा ज्याच्यामुळे होतो तो स्नेह, आणि तो फक्त पाण्यात राहतो असे ते म्हणतात. सौ.ने नथ परत नेताना पाण्याविषयी जे म्हटले होते, ते तिने न्यायशास्त्र न वाचता म्हटले होते.

आमच्या विदर्भाने ज्याला डोक्यावर घेतले त्या गाडगेबाबांचेही (१८७६–१९५६) गणित असेच होते. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. नुसता खराटा फिरवणारे अंमलदार पुष्कळ झाले आणि नुसते कीर्तन करणारे त्याहून पुष्कळ. बाबांनी दोन्ही कामे केली आणि क्रम कधी उलटा केला नाही.

मी आयुष्यभर पहिले काम चोख केले. त्याची मला लाज नाही. दुसरे काम आपले आहे, हेच मला ठाऊक नव्हते. मला वाटे, स्वच्छ केले की संपले. त्या सायकलवाल्याच्या पाटीवर मात्र ते अक्षरे उलटीसुलटी करून का होईना, लिहिलेले होते.

बेअरिंगे पुन्हा धुतली. एक वाचले. दुसऱ्याच्या कड्यावर गंजाने खड्डे पाडले होते, ते गेले ते गेलेच. सगळा गंज निघत नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. मोटारी भरणाऱ्याच्या दुकानात जाऊन मी नंबर सांगितला, ६०८, आणि त्याने न बघता खोक्यातून नवे काढून दिले. बेअरिंगचे हे एक बरे असते. जगात कुठेही नंबर सांगितला की त्याच मापाचे दुसरे मिळते. भावाचा नंबर सांगून दुसरा भाऊ मिळत नाही.

शिलाईच्या यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने सोडला. आता पेन्सिलीवर बेअरिंग पूर्वीसारखे चहा होईस्तोवर फिरेना. गाणेही बंद झाले. थोडा वेळ फिरे आणि निमूटपणे थांबे. दाखवण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. वापरण्यासारखे मात्र झाले होते.

मी भावाला फोन केला. काय बोलायचे ते कागदावर मुद्देसूद लिहून ठेवले होते, पण तो "हं दादा," म्हणाला आणि कागद कुठे गेला कळले नाही. मी एवढेच म्हटले, "बाबांचं रीळ नीट केलंय. येतोस का रविवारी?"

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीने येऊ का आदल्या दिवशी?"

आला. रविवारी पहाटे आम्ही तलावाच्या पाळीवर बसलो. त्याने रीळ हातात घेतले, फिरवले, कानाशी नेले. "बाबांच्या वेळेला असंच होतं. आवाज यायचा नाही," म्हणाला. नव्वद रात्रींविषयी मी बोललो, तेव्हा त्याने पाण्याकडे बघत "जाऊ दे ना दादा," असे म्हटले. मी जाऊ दिले नाही. आधी धुणे, मग थेंब, हा क्रम मी त्याला समजावून सांगू लागलो, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही अजून ऑडिटच करता." पण ते हसू कोरडे नव्हते.

दुपारपर्यंत आमच्या गळाला एक शेंगटीही लागली नाही. शेवटी ढिवरदादानेच दया येऊन एक रोहू दिला. पैसे घेतले आणि मासा साफ करून, तुकडे पाडून, पानात बांधून दिला. घरी आल्यावर सौ.ने पुडके हातात घेत विचारले, "तुम्ही धरला?"

एरवी मी तिथल्या तिथे पावती दाखवली असती. पण दारात भाऊ उभा होता. मी म्हटले, "आपल्याच तलावातला आहे." यात खोटे एक अक्षर नव्हते. फक्त एक थेंब होता.

तिने पुडके उघडले, तुकडे पाहिले, मग आम्हा दोघांकडे पाहिले. "बरं झालं," ती म्हणाली, "हल्ली रोहू तुकडे करूनच वर येतात वाटतं," आणि कढईत तेल ओतायला आत गेली.